गाडी सोडून बाकी सगळं

आरसा विकत घ्यायचा हे ठिणगीने ठरवलं, तेव्हा कुणाला फसवायचा तिचा विचार नव्हता. खाली दारात कोण आलंय ते वरून दिसावं, एवढाच उद्देश होता.

तिची खोली दुसऱ्या मजल्यावर आणि बेल मात्र खाली, रस्त्यावरच्या दाराला. बेल वाजली की छत्तीस पायऱ्या उतरायच्या, कडी काढायची आणि समोरच्या माणसाचा चेहरा पडलेला बघायचा. "ते आधीचे सोडून गेले का हो?" आधीचा भाडेकरू फार माणसं राखून असावा. सहा महिन्यांत त्याच्याकडे अकरा जण येऊन गेले. ठिणगीकडे दोघं आले. एक विजेचा मीटर बघायला, आणि दुसरा, पहिल्याने तो नीट बघितला नव्हता म्हणून.

खिडकीतून वाकून बघावं तर मध्ये छज्जा येतो. भिंतीला खिळा ठोकायला मालकीणबाईंची सक्त मनाई. पण तारेबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या. बसस्टॉपवरून घरी येताना वाटेत भंगाराचं एक दुकान लागायचं. तिथून ठिणगीने एका मोटारीचा बाजूचा आरसा घेतला, खिडकीच्या गजाला तारेने बांधला, थोडा इकडे, थोडा तिकडे केला, आणि खालचं दार चौकटीसकट त्यात आलं. युक्ती नामी होती. आता खाली कुणीही आलेलं नाही, हे तिला वरूनच स्वच्छ दिसू लागलं.

इथेच हे थांबलं असतं. पण ठिणगीच्या घरच्यांचा एक नियम होता, की घेतलेली वस्तू सगळ्यांना दाखवायची.

नियम मोठ्या काकांचा. मोठे काका चौतीस वर्षं एका सरकारी गोदामाचे स्टोअरकीपर होते. ते निवृत्त झाले, पण गोदाम काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. त्यांनी फोनवर घरच्यांचा ग्रुप काढला, त्याचं नाव 'नवी खरेदी', आणि पहिल्याच दिवशी कलमं जाहीर केली. वस्तू वर्तमानपत्रावर ठेवावी. शेजारी फूटपट्टी ठेवावी, म्हणजे आकार कळतो. उजेड डावीकडून यावा. किंमत लिहू नये. (किंमत लिहिण्यावरून पूर्वी दोन चुलत घरं तीन महिने बोलत नव्हती.) फोटो आला की काका खाली 'पाहिले' असं लिहीत. त्यानंतरच ती वस्तू खऱ्या अर्थाने घरात आली असं धरायचं. मग आत्या लिहायची, 'आमच्याकडे असाच आहे, पण मजबूत आहे.' किटली असो, कानात घालायचे हेडफोन असोत, की काकांचं स्वतःचं रक्तदाब मोजायचं यंत्र असो, आत्याकडे तसंच काहीतरी मजबूत असायचंच.

ठिणगीला हा सगळा प्रकार डोक्यात जायचा. माणूस कसा आहे हे विचारायचं नाही आणि त्याची बादली किती सेंटिमीटर आहे हे मात्र विचारायचं, ही कुठली आपुलकी? (सहाव्या वर्षी काकांची फूटपट्टी त्यांच्यासमोर मोडून तिने तिचं टोपणनाव कमावलं होतं. ते नाव पुढे तिने कधी वाया जाऊ दिलं नाही.) या गावात आल्यापासून तिने बादली घेतली, कढई घेतली, टेबललॅम्प घेतला, एक खुर्ची घेतली. दुसरी खुर्ची घ्यायचं कारण पडलं नाही. यातलं काहीही तिने ग्रुपवर टाकलं नव्हतं.

मग आरसाच का टाकला? तर त्या दिवशी रविवार होता, आणि शुक्रवारी संध्याकाळी कारखान्यातून बाहेर पडल्यापासून ती मोठ्याने एवढंच बोलली होती: "हा केवढ्याला?" तेही भंगारवाल्याशी. कारखान्यात तरी कुठे बोलणं व्हायचं? औषधाच्या गोळ्यांच्या पॅकिंगमध्ये तिची नोकरी. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, आणि समोरून सरकत जाणाऱ्या खोक्यांवर अक्षरं नीट आहेत का, आकडे नीट आहेत का, कुठे काही पुसट, वाकडं, उलटं छापलंय का, ते बघायचं. चुकलेलं खोकं लाल डब्यात. आठ तास. शेजारी बसणाऱ्या मुलीला ती फक्त भुवयांवरून ओळखायची.

तर तिने आरसा गजावरून सोडवला, वर्तमानपत्र पसरलं, पट्टी ठेवली, फोटो टाकला आणि लिहिलं, 'नवीन.'

काकांचं तत्काळ आलं. 'पाहिले. हा गाडीचा दिसतो.'

मग आत्या. 'ठिणगीने गाडी घेतली?'

'कुणाला विचारून?' काका.

'रंग कोणता? आमच्या जावयाकडे आहे, पण मजबूत आहे.'

'मुद्दा रंगाचा नाही. मुद्दा न विचारण्याचा आहे.'

'ती कधी विचारते? चहात साखर किती तेसुद्धा विचारत नाही.'

ठिणगी कपाळाला आठ्या घालून हे वाचत होती. या लोकांना आरशाचा फोटो दाखवला तर हे त्याच्या मागे गाडी चिकटवतात, गाडीला रंग देतात आणि त्या रंगावरून भांडतात. तिने सरळ खुलासा लिहायला घेतला. 'गाडी न' इथपर्यंत टाइप झालं होतं, तेवढ्यात आणखी एक मेसेज आला. तो बाबांचा होता.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. बाबा बस डेपोत हेड मेकॅनिक होते. आई गेली तेव्हा ठिणगी सातवीत होती. त्यानंतर घरात दोनच माणसं, त्यातलं एक सतत बोलणारं आणि दुसरं मुळीच न बोलणारं. या नोकरीचं पत्र आलं तेव्हा ती जाऊ नये असं बाबांना वाटत होतं, आणि तसं ते म्हणत मात्र नव्हते. आठ दिवस ही शांतता सहन करून ठिणगी शेवटी भडकली. "तुम्हाला नटबोल्टशी बोलायची सवय, बाबा. माणसांशी बोलायचं तुमच्याच्याने होत नाही." बाबांनी ऐकून घेतलं. ती निघाली त्या दिवशी तिची ट्रंक त्यांनी बसमध्ये ठेवली, खाली उतरून मागच्या टायरला दोन लाथा मारून बघितल्या, ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं आणि ते घरी गेले. ड्रायव्हरशी बोलले, तिच्याशी नाही. तेव्हापासून रविवारी फोन व्हायचा. "जेवलीस?" "हो." "बरं." सर्वांत लांबलेला फोन एकोणीस सेकंदांचा होता, आणि त्यातही मध्ये त्यांना खोकला आला होता.

ग्रुपवर बाबा पहिल्या दिवसापासून होते. आजवर त्यांनी तिथे एक अक्षर लिहिलं नव्हतं. आज लिहिलं होतं:

'डावीकडचा आहे. उजवा आहे का?'

ठिणगीने ते पाच-सहा वेळा वाचलं. मग 'गाडी न' पुसलं आणि लिहिलं, 'आहे.'

'फोटो टाक.'

आता उजवा आरसा कुठून आणायचा? भंगारवाला रविवारी दुपारनंतर बंद. पण ठिणगी शिकलेली मुलगी. फोनवर फोटो उलटा करायची सोय असते, डावं ते उजवं होतं. तिने डाव्या आरशाचाच फोटो उलटा केला आणि पाठवून दिला. काकांनी फूटपट्टी आहे एवढं बघितलं आणि लिहिलं, 'पाहिले.' बाबांनी लिहिलं, 'ठीक. हॉर्न वाजतो का?'

वडीलधाऱ्यांना गंडवणं इतकं सोपं असतं याची तिला जराशी कीवच आली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून परतताना ती भंगाराच्या दुकानात उभी होती.

"हॉर्न आहे का?"

"आहे की. कुठली गाडी ताई तुमची?" भंगारवाला म्हणाला.

"आहे एक."

"अहो, पण मॉडेल?"

दुकानाच्या कोपऱ्यात चाकं काढलेली एक निळी मोटार विटांवर बसली होती. तिच्या मागच्या सीटवर मांजर झोपलं होतं. ठिणगीने बोट दाखवलं. "ती आहे ना, अगदी तसलीच."

"मग नशीबवान आहात. सगळं इथेच मिळेल."

आणि खरोखरच सगळं तिथेच मिळालं. सोमवारी हॉर्न. बुधवारी गिअरच्या दांड्यावरची मूठ. शुक्रवारी हेडलाइट. पुढच्या आठवड्यात स्टिअरिंग, कारण बाबांनी विचारलं, 'स्टिअरिंगला खेळ किती आहे?' आणि खेळ म्हणजे काय हे विचारायची सोय नसल्याने तिने अख्खं स्टिअरिंगच आणून त्याचा फोटो टाकला. संध्याकाळी सातला ती खोलीवर पोचायची, सात वाजून पाच मिनिटांनी वर्तमानपत्र पसरलेलं असायचं.

आणि बाबा लिहायचे. तिला पटायचं नाही, पण लिहायचे. हॉर्नच्या फोटोखाली त्यांनी लिहिलं, 'मागे पिवळी वायर असते. ती सैल झाली तर खड्ड्यात हॉर्न आपोआप वाजतो. डेपोत एक गाडी होती, फाटकातून आत शिरताना तिचं तीच वाजायची. साहेबांना वाटायचं ड्रायव्हर सलाम ठोकतोय. त्याला बढती मिळाली. मग मी वायर घट्ट केली. तो अजून माझ्याशी बोलत नाही.'

ठिणगी खुर्चीत बसून एकटीच हसली. स्वतःचाच आवाज त्या खोलीत इतका अनोळखी वाटला, की तिने दाराकडे वळून बघितलं.

सत्तावीस वर्षांत बाबा विनोद करतात हे तिला माहीत नव्हतं. ते इतकी वाक्यं एकापाठोपाठ एक ठेवतात हेही माहीत नव्हतं. हेडलाइटवर त्यांनी नऊ ओळी लिहिल्या. तिने मोजल्या. दिवसभर समोरून खोकी सरकत असताना ती विचार करायची, आज काय विचारतील. आणि त्याच्या मागोमाग दुसरा विचार यायचा, की गाडी नाहीये हे ज्या दिवशी कळेल, त्या दिवसापासून पुन्हा एकोणीस सेकंद.

गाडी नसताना गाडीवर बोलणं अवघड नसतं. अवघड होतात ते काका. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी लिहिलं, 'सुटे भाग पुष्कळ पाहिले. आता संपूर्ण गाडीचा फोटो टाकावा. फूटपट्टी पुरणार नाही, टेप लावावा.'

आत्या म्हणाली, 'हो ना. रंग तरी कळू दे.'

पण तिने काही लिहायच्या आत बाबांचं आलं. 'गाडी खोलून ठेवली आहे. मीच सांगितलं. जोडल्यावर फोटो येईल, दादा.'

म्हणजे बाबांनी मनातल्या मनात गाडी खोलूनसुद्धा ठेवली होती. किती हा विश्वास. त्या संध्याकाळी तिला जेवण गेलं नाही. अपराधी वाटून तिने ठरवलं, की आता निदान एक तरी गोष्ट अगदी प्रामाणिकपणे करायची. बाबांनी विचारलं होतं, 'दाराची काच खाली-वर होते का?' तर तिने दार आणलं.

मोटारीचं दार जिन्यातून वर नेणं हा एक स्वतंत्र व्यायाम आहे. भंगारवाल्याने खालपर्यंत हातगाडीवर आणून दिलं. पुढच्या छत्तीस पायऱ्या तिच्या. विसाव्या पायरीवर मालकीणबाई भेटल्या.

"हे काय?"

"दार."

"खोलीला दार आहे की."

"हे गाडीचं आहे."

"गाडी कुठंय?"

"येतेय."

मालकीणबाईंनी जिन्याच्या रुंदीकडे बघितलं. "वर?"

"नाही हो काकू. गाडी कशी वर येईल?"

"मागच्या आठवड्यात स्टिअरिंग गेलं. त्याआधी दिवा गेला. थोडी थोडी करून वर नेतेयस, मी काय बघत नाही? भाडं एका माणसाचं ठरलंय. गाडी ठेवायची तर वेगळं बोलावं लागेल."

"बोलू," ठिणगी धापा टाकत म्हणाली आणि दार पुढे ढकललं.

काच खाली-वर होत होती. तिने तसा व्हिडिओच टाकला. काकांनी लिहिलं, 'पाहिले. पट्टी हलली आहे.' आणि बाबांनी लिहिलं, 'रविवारी येतो.'

शनिवारी संध्याकाळी ती भंगारवाल्यासमोर हात जोडून उभी राहिली.

"एक दिवसासाठी ती निळी गाडी माझ्या दारासमोर ठेवता येईल का? भाडं देते."

"कुठली निळी?"

"ती हो. कोपऱ्यातली."

भंगारवाल्याने कोपऱ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "ताई, ती तुम्हीच नेलीत की. तिथे आता उरलंय काय? सांगाडा आणि मांजर. मांजर हवं तर न्या."

रविवारी सकाळी दहाला बेल वाजली. परत गजाला बांधलेल्या आरशात बाबा दिसले. हातात कापडी पिशवी. वर बघत नव्हते. शेजारी उभ्या असलेल्या कुणाच्या तरी स्कूटरच्या मागच्या चाकाकडे वाकून बघत होते. सात महिन्यांत ठिणगीसाठी वाजलेली ही तिसरी बेल. ती छत्तीस पायऱ्या कशी उतरली ते तिला आठवत नाही.

बाबा वर आले. खोलीत फिरायला जागा फारशी नव्हतीच. भिंतीला टेकवलेलं निळं दार, त्याच्या पायाशी हेडलाइट, टेबलावर स्टिअरिंग, त्याच्या मधोमध तिचा चहाचा कप. बाबांनी एकेक वस्तू उचलून बघितली. दाराच्या बिजागरीत बोट फिरवून तेल आहे का ते बघितलं. मग त्या एकुलत्या एका खुर्चीत बसले. गाडी कुठंय हे त्यांनी विचारलंच नाही. त्याचाच ठिणगीला जास्त त्रास होऊ लागला.

शनिवारी तिने पाठ केलेलं एक भाषण होतं. त्यात प्रस्तावना होती, कारणमीमांसा होती. प्रत्यक्षात ती म्हणाली, "बाबा, गाडी नाहीये."

"माहितीये."

"म्हणजे? कधीपासून?"

"उजव्या आरशापासून. पट्टीवरचे आकडे उलटे होते. वर्तमानपत्रही."

ठिणगीने फोन उघडून तो फोटो काढला. (दिवसभर उलटी छापलेली अक्षरं पकडायचा पगार घेणारी मुलगी. हा फोटो कारखान्यात तिच्या समोरून गेला असता तर तिने डोळे मिटून लाल डब्यात टाकला असता.) मग तिला शरम वाटायला हवी होती. पण स्वभावाप्रमाणे आधी राग आला.

"मग विचारत का राहिलात? हॉर्न काय, हेडलाइट काय. अहो, मी ते दार छत्तीस पायऱ्या चढवलं. काकांना सांगितलंत गाडी खोलून ठेवलीये म्हणून. एकदा तरी म्हणायचं होतंत, की पोरी, पुरे कर."

बाबांनी स्टिअरिंगवरची धूळ तळहाताने पुसली. "तू उत्तर देत होतीस," ते म्हणाले.

ठिणगी दाराच्या, म्हणजे गाडीच्या दाराच्या कडेवर टेकली.

आणि मग फारच वाईट झालं. गाडी संपली, तसा विषयही संपला. महिनाभर रोज नऊ-नऊ ओळी लिहिणारी दोन माणसं आता दोन हातांच्या अंतरावर बसली होती आणि बोलायला काहीच नव्हतं. चहा झाला. "साखर बरोबर आहे?" "हो." पंखा फिरत होता. बाबांनी पिशवीतून फोन काढला आणि एका बोटाने बराच वेळ काहीतरी दाबत बसले. ठिणगीचा फोन वाजला. ग्रुपवर बाबांचा मेसेज होता.

'दार पाहिले. बिजागरी चांगली आहे.'

तिने समोर बघितलं. बाबा गंभीर चेहऱ्याने तिच्या उत्तराची वाट बघत होते. तिने टाइप केलं, 'हो. तेल घातलं होतं.'

'दिसलं,' बाबांनी लिहिलं.

बाबा शुक्रवारपर्यंत राहणार होते, तोवर हे असंच चालवायचं का? ठिणगी उठली. "चला. हे सगळं परत करून येऊ."

भंगारवाल्याने दार परत घेताना तोंड वाकडं केलं, पण बाबांनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. ते त्याच्या छोट्या टेम्पोकडे बघत होते.

"ब्रेक खाली जातात का?"

"जातात, पण लागतात."

"किती वेळा दाबल्यावर?"

"तीन-चारदा."

"हवा धरलीये," बाबा म्हणाले आणि बाह्या सरसावल्या.

त्यानंतर बाबा चार दिवस राहिले. म्हणजे ठिणगीला भेटायला आलेले बाबा चार दिवस भंगारवाल्याकडे राहिले आणि तिच्याकडे फक्त झोपायला आले. ती सातला खोलीवर यायची तर खोलीला कुलूप. पूर्वीही कुलूपच असायचं, पण आता ते जास्त कुलूप वाटायचं. आठला बाबा यायचे, हात काळे, चेहरा खुललेला. "काय केलंत?" "काही नाही. गप्पा." गप्पा. हा शब्द बाबांच्या तोंडून तिने पहिल्यांदा ऐकला. तिच्याशी मात्र जेवताना "मीठ" आणि "पुरे" एवढंच.

बुधवारी बसमधून उतरल्यावर भंगारवाल्याने तिला हाक मारली. बाबा त्या दिवशी लवकरच खोलीकडे गेले होते.

"ताई, तुमचे मिस्त्री म्हणजे भारी माणूस. काय काय किस्से. तुमच्या आईंना त्यांनी पहिल्यांदा बघितलं ते डेपोच्या डिझेल पंपावर, नाही का?"

ठिणगीला हे माहीत नव्हतं.

"माहीत असेलच म्हणा तुम्हाला," भंगारवाला म्हणाला.

"असणारच," ती म्हणाली. ती खोलीकडे निघाली. सव्वीस वर्षं एका घरात राहून तिला न सांगितलेली गोष्ट बाबांनी या माणसाला तीन दिवसांत सांगितली होती. या माणसाची पात्रता काय, तर याच्याकडे एक बिघडलेला टेम्पो होता.

शुक्रवारी बाबांची परतीची बस होती. गुरुवारी ठिणगीने सात वर्षांच्या नाही, पण सात महिन्यांच्या नोकरीत पहिल्यांदा अर्धी रजा टाकली आणि दुपारीच भंगाराच्या दुकानात जाऊन उभी राहिली. टेम्पोखालून दोन पाय बाहेर आले होते. चपला बाबांच्या.

"या ताई," भंगारवाला म्हणाला. "आज काय देऊ?"

टेम्पोखालून आवाज आला. "तिला काही देऊ नका, शेठ. तिच्याकडे गाडी नाही."

भंगारवाला खो-खो हसला. ठिणगी हसली नाही. पण गेलीही नाही.

"उभी काय राहिलीस?" बाबा खालूनच म्हणाले. "आत बस. मागच्या ब्रेकमधली हवा काढायची राहिलीये, त्याला दोन माणसं लागतात. मी दाब म्हटलं की ब्रेकचं पेडल दाबायचं आणि दाबलंय म्हणून सांगायचं. सोड म्हटलं की सोडायचं आणि सोडलंय म्हणून सांगायचं. न सांगता काही करायचं नाही."

"मी चहा सांगून येतो," म्हणत भंगारवाला गेला. ठिणगी टेम्पोत चढून बसली.

"दाब."

"दाबलंय."

"सोड."

"सोडलंय."

"दाब."

"दाबलंय. बाबा, आईला पंपावर बघितलंत हे मला का नाही सांगितलं?"

खाली पाना कशावर तरी आपटला. "सोड."

"सोडलंय. सांगा."

"तू विचारलं नाहीस. दाब."

"आता विचारतेय. दाबलंय."

बाबा बोलू लागले. वाक्य अर्धं झालं की 'दाब', पुढचं अर्धं झालं की 'सोड'. आई तिकीट काढायला आली होती आणि तिकिटाची रांग समजून डिझेलच्या रांगेत उभी राहिली होती. तिच्या पुढे तीन बसगाड्या आणि मागे दोन. दाब. तिला कुणी सांगितलं नाही, कारण सगळ्यांना मजा वाटत होती. सोड. बाबांनी सांगायचं ठरवलं, पण कसं सांगावं ते सुचेना, म्हणून ते जाऊन तिच्या मागे उभे राहिले. दाब.

"मग?"

"मग काय. तिचा नंबर आला. पंपवाल्याने विचारलं, किती लिटर."

ठिणगी इतकी हसली की टेम्पो हलला. खालूनही एक विचित्र, गंजलेला आवाज आला. बाबा हसत होते.

"आणि मग?"

"थांब. इथे काहीतरी गडबड आहे. स्क्रू जाम झालाय की काय, वीस मिनिटं झाली, एक बुडबुडा येत नाही. नीट दाबतेयस ना?"

"अगदी तळापर्यंत."

"आत्ता दाबलंयस?"

"दाबलंय."

बाबा सरपटत बाहेर आले. उभे राहिले, टेम्पोच्या दारातून आत वाकले आणि तिच्या पायाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. भंगारवालाही चहाचे पेले घेऊन आला आणि बाबांच्या खांद्यावरून वाकून बघू लागला.

"हा क्लच आहे," बाबा म्हणाले.

ठिणगीने पाय हळूच उचलला आणि आता तो कुठे ठेवावा या विचाराने तसाच हवेत धरून ठेवला.

भंगारवाल्याने चहाचा पेला तिच्यापुढे केला. "ताई," तो अगदी अदबीने म्हणाला, "खडू आहे माझ्याकडे. तिन्ही पेडलांवर नावं घालून देऊ का?"